१८४७ चं मॉर्मन कुटुंब: पिठाचा हिशेब आणि पाण्याची पाळी

तुमचा प्रश्न असा आहे: नोकरीसाठी तुम्ही सॉल्ट लेक सिटीजवळ राहता आणि मुलीला शाळेत युटाच्या इतिहासाचा प्रकल्प दिलाय. १८४७ मध्ये तिथं आलेल्या मॉर्मन कुटुंबातल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीची वर्षभराची काल्पनिक रोजनिशी लिहायची आहे. शोधाशोध केली की हातगाड्या, हिमवादळ आणि कीटक खाणारे पक्षी एवढंच हाती लागतं. ती माणसं रोज काय खात होती, कुठं झोपत होती, जमीन कुणी दिली, हे कुठंच नीट सांगितलेलं नाही.

जुन्या रोजनिशा, हिशेबवह्या आणि वस्त्यांच्या नोंदी वाचून एखाद्या पायोनियर, म्हणजे सुरुवातीच्या वसाहतकरी कुटुंबाचं आयुष्य जुळवणं हे माझं काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची अडचण माहिती कमी असण्याची नाही. सगळे प्रवासाची गोष्ट सांगतात. प्रवास साडेतीन महिन्यांत संपला. खरी परीक्षा पोचल्यावर सुरू झाली आणि ती दोन गोष्टींवर होती: पुढच्या सुगीपर्यंत पीठ पुरेल का, आणि पावसाच्या भरवशावर पीक येत नाही अशा जमिनीत पाणी कसं फिरवायचं. रोजनिशीतली प्रत्येक नोंद या दोन हिशेबांपैकी एकाला लावून पाहा, ती आपोआप खरी वाटायला लागेल.

आधी पार्श्वभूमी. मॉर्मन हा ख्रिस्ती पंथ जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. शेजाऱ्यांशी संघर्ष होत होत हे लोक मिसुरीतून हाकलले गेले आणि इलिनॉयमध्ये मिसिसिपीकाठी नावू नावाचं गाव त्यांनी वसवलं. १८४४ मध्ये जमावाने स्मिथला तुरुंगातच ठार मारलं. फेब्रुवारी १८४६ मध्ये गाव सोडायला सुरुवात झाली, पुढचा हिवाळा मिसुरी नदीकाठी विंटर क्वार्टर्स या छावणीत गेला. तिथं स्कर्व्ही (ताजी भाजी-फळं न मिळाल्याने होणारा आजार) आणि तापाने शेकडो माणसं गेली. तुमच्या मुलीच्या नायिकेने त्या छावणीत बहुधा एखादं भावंड गमावलेलं असेल. हे न लिहिलं तरी चालेल, पण आईच्या वागण्यात ते दिसलं पाहिजे.

आता तारीख. अशा कामात मी सगळ्यात आधी कुटुंब नेमकं कधी पोचलं ते ठरवतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं. युटात २४ जुलैला सुटी असते ती स्मिथनंतरचा नेता ब्रिगहॅम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला त्या दिवसाची. पण त्या पहिल्या तुकडीत १४३ पुरुष, ३ बायका आणि २ मुलं होती, आणि ती दोन्ही मुलं मुलगेच होते. म्हणजे तुमची नायिका त्या तुकडीत असूच शकत नाही. दोन वाटा उरतात. एक, २९ जुलैला आजच्या कोलोरॅडोतल्या पुएब्लोहून आलेला गट. त्यात मॉर्मन बटालियनचे आजारी सैनिक आणि मिसिसिपीकडची काही कुटुंबं होती. दुसरी, जूनच्या मध्यावर एल्कहॉर्न नदीवरून निघालेल्या मोठ्या तुकड्या, ज्या सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोचल्या. बहुतेक बायका-मुलं याच तुकड्यांतून आली. मी ही दुसरी वाट धरतो आणि पाच जणांचं कुटुंब समजून चालतो.

वडील बरोबर असतीलच असं नाही. जुलै १८४६ मध्ये सुमारे ५०० पुरुष मेक्सिकोविरुद्धच्या युद्धासाठी बटालियनमध्ये गेले होते. त्यांच्या बायकांनी गाड्या स्वतः हाकल्या. नायिकेचे वडील बटालियनमध्ये दाखवले तर आई हातात आसूड घेऊन बैलांच्या डाव्या बाजूने चालते आहे हे चित्र बरोबर बसेल. अशा गाडीवर बसून हाकायची पद्धत नव्हती, शेजारून चालत हाकायचे.

गाडीत काय होतं? नावू सोडण्यापूर्वी १८४५ मध्ये पाच मोठ्या माणसांच्या कुटुंबासाठी एक यादी काढली होती: एक मजबूत गाडी, तीन बैलजोड्या, दोन तरी दुभत्या गाई, १,००० पौंड पीठ किंवा धान्य, १०० पौंड साखर, २५ पौंड मीठ, २० पौंड साबण, शिवाय डाळी-शेंगा, सुकवलेली सफरचंदं आणि भोपळा, बी-बियाणं, अवजारं, प्रत्येक पुरुषामागे एक बंदूक. ही आदर्श यादी होती. अनेकांकडे यातलं निम्मंही नव्हतं. गाडीचा साटा सुमारे दहा फूट लांब आणि चार फूट रुंद, त्यामुळे माणसांना जागा नसायची. आजारी, बाळंतीण आणि तान्ही मुलं गाडीत, बाकी सगळे पायी.

घोड्यांऐवजी बैल का, असा प्रश्न मुलीच्या शिक्षिका विचारतील. घोड्याला काम करायचं तर दाणा लागतो, बैल वाटेतल्या गवतावर भागवतो. बैल चिखलात नेटाने ओढतो, आणि वेळ पडली तर खाताही येतो. वेग मात्र तासाला दोन मैल, दिवसाकाठी दहा-पंधरा मैल. विंटर क्वार्टर्सपासून सॉल्ट लेकपर्यंत सुमारे १,०३० मैल. पहिल्या तुकडीत विल्यम क्लेटनने हे अंतर मोजलं ते चाकावरून. चाकाचा घेर १४ फूट ८ इंच, म्हणजे ३६० फेरे झाले की बरोबर एक मैल. आऱ्याला लाल फडकं बांधून तो दिवसभर फेरे मोजत बसला, मग कंटाळून मोजणी करणारं लाकडी दातेरी यंत्र बनवून घेतलं. त्याची मार्गदर्शिका छापली गेली १८४८ मध्ये, म्हणजे १८४७ च्या प्रवाशांच्या हातात ती नव्हती.

प्रवासातली एकच बिघाडाची गोष्ट लिहायची असेल तर चाकाची लिहा. पश्चिमेकडे हवा कोरडी होत जाते, लाकूड आकसतं, पाटे लहान होतात आणि लोखंडी धाव सैल होते. मग चढावर एखाद्या दगडाला चाक घासलं की धाव निसटून पडते. तात्पुरता उपाय म्हणजे रात्री चाकं नदीत बुडवून ठेवायची, लाकूड फुगतं. पण दुसऱ्या दुपारपर्यंत ते पुन्हा वाळतं. म्हणून धाव आणि पाटा यांच्यात लाकडाच्या पाचरी ठोकायच्या. पक्का इलाज लोहाराचाच: धाव कापून लहान करायची, तापवून लाल करायची आणि चाकावर चढवून पाणी ओतायचं, म्हणजे ती आवळून बसते. मुलांची रोजची कामं मात्र ठरलेली: गुरं राखणं, पाणी आणणं आणि जिथं झाडं नाहीत तिथं जळणाला बायसनच्या वाळलेल्या शेणी गोळा करणं. इंडिपेंडन्स रॉक या वाटेवरच्या मोठ्या खडकाजवळ क्षाराचे तलाव लागतात. त्यांच्या काठावर जमलेली पांढरी पूड लोक पोत्यात भरून घेत आणि पावात सोड्यासारखी घालत. दहा वर्षांच्या मुलीच्या लक्षात राहील अशीच ही गोष्ट आहे.

आता पिठाचा हिशेब, जो सगळ्यात महत्त्वाचा. १,००० पौंड पीठ घेऊन निघालात. वाटेत माणशी दिवसाला एक पौंड धरलं तर पाच जणांना शंभर दिवसांत ५०० पौंड संपलं. १ ऑक्टोबरला खोऱ्यात पोचलात तेव्हा उरलं ५००. नवीन गहू येणार पुढच्या जुलैच्या मध्यावर, म्हणजे साधारण २८५ दिवसांनी. भागाकार करा: घरात दिवसाला पावणेदोन पौंड, माणशी जेमतेम १६० ग्रॅम. आपल्या चार-पाच पोळ्यांचं पीठ, तेही दिवसभर नांगर धरणाऱ्या माणसाला. हे यादीप्रमाणे पूर्ण सामान असलेल्या घराचं झालं. शिवाय बियाणं वेगळं ठेवायचं. हाताने फोकून पेरायचं तर एकरी दीड बुशेल, म्हणजे ९० पौंड गहू लागतो. तो गहू घरात समोर पोत्यात आहे, लेकरं भुकेली आहेत, आणि त्याला हात लावायचा नाही. रोजनिशीत एक तरी नोंद या पोत्यावर असलीच पाहिजे.

गाय इथं जीव वाचवते. दूध, ताक, लोणी यांमुळे ते १६० ग्रॅम पीठ पोटाला पुरतं. म्हणून ज्या घराची गाय वाटेत मेली किंवा जोखडाला जुंपल्यामुळे आटली, त्या घराचा हिवाळा वेगळाच गेला. मी कुठल्याही कुटुंबाची नोंद वाचताना गाई किती होत्या ते आधी शोधतो. मांस असे, पण ते प्रवासाने झिजलेल्या बैलांचं, चिवट आणि बिनचरबीचं. शेवटी शेवटी लोकांनी कातडीसुद्धा उकळून खाल्ल्याच्या आठवणी आहेत.

राहायला घर नव्हतं, किल्ला होता. आज जिथं पायोनियर पार्क आहे तिथं दहा एकरांचा चौकोन आखून कडेने एकाला एक लागून खोल्या बांधल्या. काही ओंडक्यांच्या, काही उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या. बाहेरची भिंत कच्च्या विटांची, नऊ फूट उंच आणि सत्तावीस इंच जाड. दारं सगळी आतल्या चौकाकडे. जमीन मातीची, खिडकीला काच नाही, तेल किंवा चरबी लावलेलं कापड. संख्या वाढल्यावर दक्षिणेला आणि उत्तरेला आणखी चौकोन जोडले. मार्च १८४८ मध्ये वस्ती १,६७१ माणसांची आणि घरं ४२३ अशी मोजणी झाली. म्हणजे एका घरात सरासरी चार माणसं, आणि घर म्हणजे बहुतेक एकच खोली.

चूक झाली ती छपरात. इथं पाऊस नाही असं समजून त्यांनी सपाट, आतल्या बाजूला किंचित उतरती छपरं केली: वर वासे, त्यावर विलोच्या फांद्या आणि गवत, त्यावर माती. आपल्याकडच्या माळवदासारखंच, पण माळवदाला पाणी न झिरपू देणारी पांढरी माती आणि दरवर्षीची डागडुजी लागते. इथं ना ती माती होती ना वेळ. मार्चमध्ये पावसाने झोड उठवली आणि छपरांतून चिखल ठिबकायला लागला. बाहेर थांबलेला पाऊस आत दोन दिवस पडत राही. पीठ वाचवायला ते खोलीच्या मधोमध ठेवून त्यावर कातडं ताणायचे, आजाऱ्याच्या अंगावर छत्री धरून बसायचे. कच्च्या भिंतीचा पायाही दगडाचा नसेल तर ओल खालून वर चढते आणि तळाची वीट फुगून सुटते. शिवाय उंदीर, आणि ओंडक्यांच्या भेगांतून ढेकूण. मांजर असलेल्या घराला शेजारी मान देत. हे सगळं मुलीने जरूर लिहावं.

आता शेती आणि पाणी. २३ जुलैला, यंग पोचायच्या आदल्या दिवशी, पुढे आलेल्या माणसांनी नांगर घातला तर जमीन दगडासारखी घट्ट, काही नांगर मोडले. मग त्यांनी सिटी क्रीक या ओढ्यावर बांध घालून पाणी जमिनीवर पसरवलं, ती मुरवली आणि वाफसा आल्यावर नांगरली. बटाटे लावले, मका, घेवडा, सलगम, बकव्हीट (कुट्टू) पेरलं. हंगाम उलटून गेला होता. हिवाने आणि नंतर आलेल्या तुकड्यांच्या मोकाट गुरांनी बहुतेक पीक नेलं. बटाटे आले ते द्राक्षापासून अक्रोडाएवढे, पण ते न खाता बियाण्याला ठेवले. नायिका ऑक्टोबरमध्ये हेच बटाटे पाहील.

सुदैवाने पहिला हिवाळा सौम्य होता. माणसं हिवाळाभर नांगरत राहिली. गावाच्या दक्षिणेला सुमारे ५,००० एकरांचं सामाईक रान कुंपण घालून घेतलं होतं, आणि त्यातल्या सुमारे ८७० एकरांत हिवाळी गहू पेरला गेला. कुंपण सामाईक असण्याचं कारण साधं आहे. प्रत्येकाने आपल्या पाच एकरांना कुंपण घालायचं म्हटलं तर डोंगरातून एवढं लाकूड ओढून आणायला बैल नव्हते.

पाटाचं पाणी या लोकांना नवं होतं. बहुतेक जण न्यू इंग्लंड, न्यूयॉर्क, ओहायो, इंग्लंड इथले, पावसावर शेती करणारे. त्यामुळे पहिल्या वर्षीच्या चुका ठरलेल्या आहेत आणि त्या रोजनिशीत हव्यात. पाटाला उतार जास्त दिला की पाणी तळ कापत जातं आणि पाट ओढ्यासारखा खोल होतो, मग शेतात पाणी चढत नाही. उतार कमी दिला की गाळ साचून पाट बुजतो. जमीन सपाट केलेली नसेल तर उंचवटा कोरडा राहतो आणि खोलगट भागात गहू पिवळा पडून सडतो. पेरल्यावर लगेच पाणी सोडलं तर वर पापुद्रा धरतो आणि कोंब फुटून येत नाही, म्हणून आधी भिजवायचं, वाफशावर पेरायचं आणि रोप हाताएवढं झाल्यावरच पुन्हा पाणी द्यायचं. चौथी चूक दोन-तीन वर्षांनी कळते: जास्त पाणी दिलं की खालचे क्षार वर येतात आणि जमिनीवर पांढरा थर फुटतो. खोऱ्याच्या सखल, तळ्याकडच्या भागात असं झालं. तिथल्या जमिनी चोपण होऊन पडल्या.

मालकीचा नियम पहिल्याच आठवड्यात सांगितला गेला होता: जमीन विकायची नाही आणि विकत घ्यायची नाही, ज्याला जेवढी कसता येईल तेवढी मोजून मिळेल. १८४८ मध्ये ओढे आणि लाकूड खाजगी मालकीचे नसतील हेही ठरलं. पाट खणायला ज्याने जेवढं काम केलं, ज्याची जेवढी जमीन, त्या प्रमाणात त्याला पाणी. वसंतात गाळ काढायलाही त्याच प्रमाणात माणूस द्यायचा. पुढे वस्तीवस्तीत पाटकरी नेमले गेले आणि पाण्याची पाळी घड्याळावर आली. पाळी रात्री दोनला आली तर कंदील आणि फावडं घेऊन रात्री दोनला जायचं. वरच्या शेतकऱ्याने दारं मोडून पाणी वळवलं की भांडण व्हायचं, आणि ते बिशपपुढे, म्हणजे वस्तीतल्या चर्चच्या प्रमुखापुढे मिटायचं. इथं धर्माची शिस्त कामी आली असं माझं मत आहे. पाण्याची वाटणी जुळवायला माणसं एकमेकांचं ऐकणारी लागतात, आणि हे लोक ऐकायची सवय घेऊनच आले होते.

शहराचा आराखडा तुम्ही रोज बघता. दहा एकरांचे चौक, प्रत्येक चौकात सव्वा एकराचे आठ भूखंड, रस्ते १३२ फूट रुंद. सव्वा एकर दिला तो परसबाग, फळझाडं, कोंबड्या आणि गोठा यांच्यासाठी. खरी शेती गावाबाहेर, जवळचे तुकडे पाच एकरांचे, पुढचे मोठे. पण लक्षात ठेवा, भूखंडांवर राहायला जायला सुरुवात झाली १८४८ च्या शरदात. नायिकेचं पहिलं वर्ष किल्ल्यातच जातं. आणि सरकारी कागद? १८४७ मध्ये ही भूमी मेक्सिकोची होती, फेब्रुवारी १८४८ च्या तहाने ती अमेरिकेकडे आली, आणि जमिनीची नोंद करणारं सरकारी कार्यालय युटामध्ये उघडलं थेट १८६९ मध्ये. तोवर बावीस वर्षं लोक चर्चच्या वहीतल्या नोंदीवर जमीन कसत होते.

ती जमीन ओसाड मात्र नव्हती. खोऱ्यात उत्तरेकडून शोशोनी, दक्षिणेकडून यूट आणि पश्चिमेकडून गोशूट या मूळ रहिवाशांचा वावर होता. वसाहतीची गुरं चरली ते गवत म्हणजे त्यांचं बियांचं धान्य होतं, आणि ओढ्यांचे काठ म्हणजे त्यांच्या छावण्यांच्या जागा. पहिल्याच हिवाळ्यात गोवर आला आणि त्यात बरेच स्थानिक लोक मेले. १८५० च्या फेब्रुवारीत प्रोव्होजवळ वसाहतकऱ्यांनी टिंपानोगोस यूटांवर हल्ला करून अनेकांना मारलं. वर्षभराच्या रोजनिशीत हे शेवटचं येणार नाही, पण ‘रिकाम्या वाळवंटात आलो’ असं वाक्य मात्र लिहू देऊ नका. पहिल्या तुकडीत ग्रीन फ्लेक, हार्क ले आणि ऑस्कर क्रॉस्बी हे तीन कृष्णवर्णीय गुलाम होते, आणि १८४७ च्या शरदात जेन मॅनिंग जेम्स ही स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री कुटुंबासह पोचली. तिला किल्ल्यात शेजारीण म्हणून दाखवता येईल.

एप्रिल ते जून हे भुकेचे महिने. पीठ तळाला गेलेलं, गहू हिरवा. इथं स्थानिक बायकांकडून शिकलेली सेगो लिली कामाला आली. तीन पांढऱ्या पाकळ्यांचं फूल, जमिनीखाली काही इंचांवर गोटीएवढा कंद. टोकदार काठीने खणून काढायचा. दिवसभर खणलं तर एका घराला एक वेळ पुरेल एवढं. धोका असा की डेथ कॅमस नावाची विषारी वनस्पती त्याच रानात उगवते आणि तिचा कंद तसाच दिसतो. फुलावरून फरक कळतो: डेथ कॅमसला एका दांड्यावर बारीक पिवळसर फुलांचा घोस असतो. म्हणून फूल यायच्या आधी खणणं जिवावरचं होतं. काटेरी थिसलची मुळंही खाल्ली, ती चवीला बरी पण पोटाला जड. आज युटाचं राज्यफूल सेगो लिली आहे ते याचसाठी.

आता कीटक आणि पक्षी. मेमध्ये आधी हिव पडलं आणि घेवडा, भोपळा काळा पडला. मग मेच्या अखेरीस ज्यांना मॉर्मन क्रिकेट म्हणतात ते डोंगरातून उतरले. ते टोळ नाहीत. नाकतोड्याच्या जवळचा, अंगठ्याएवढा जाड, न उडणारा किडा आहे. उडत नाही म्हणूनच त्याच्याशी लढता आलं. शेताभोवती चर खणून पाणी सोडायचं, दोघांनी लांब दोर धरून गव्हावरून ओढत न्यायचा म्हणजे किडे खाली पडतात, मग काठ्या, झाडू, आग. मुलं या कामात दिवसभर असत. गोशूट लोक हेच किडे भाजून, वाटून खात. जूनमध्ये कुरव पक्ष्यांचे, म्हणजे सीगलचे थवे आले, किडे खाल्ले, न पचलेले भाग ओकून पुन्हा खाल्ले. हे खरं आहे आणि त्या वर्षीच्या लिखाणात आहे. पण नंतरच्या आठवणींत जेवढं ठळक झालं तेवढं त्या दिवसांच्या नोंदींत नाही. पक्षी आले आणि दुसऱ्या दिवशी सगळं ठीक झालं असंही नाही. हिव, किडे आणि पाण्याच्या चुका या तिन्हींनी पीक घटलं, तरी गहू बराचसा वाचला. म्हणून नायिकेने पक्ष्यांबद्दल एक आनंदाची नोंद करावी आणि पुढच्या पानावर पुन्हा काठी घेऊन शेतात जावं.

आतापर्यंतचं थोडक्यात: पोचणं सप्टेंबरअखेर, हिवाळाभर किल्ल्यातली एक खोली, मार्चमध्ये गळकं छप्पर, मेमध्ये कंद, जूनमध्ये किडे, जुलैत गहू. हा सांगाडा पक्का आहे. त्यात पुढच्या चुका शिरू देऊ नका.

हातगाडी नको. हातगाड्या आल्या १८५६ ते १८६० मध्ये, बैलगाडी परवडत नसलेल्या युरोपातल्या गरीब कुटुंबांसाठी. दहा तुकड्या, सुमारे तीन हजार माणसं, मोठ्या माणसाला सामान सतरा पौंड. १८५६ च्या शेवटच्या दोन तुकड्या, विली आणि मार्टिन, उशिरा निघाल्या, ओल्या लाकडाच्या गाड्या कोरड्या हवेत तडकल्या, ऑक्टोबरमध्ये बर्फ पडला आणि दोनशेहून जास्त माणसं मेली. ती घटना मोठी आहे, पण नऊ वर्षं पुढची.

ब्रिगहॅम यंगची प्रवचनंही हिवाळ्यात नकोत. तो २६ ऑगस्ट १८४७ ला बाकीच्यांना आणायला परत गेला आणि सप्टेंबर १८४८ मध्येच आला. त्या वर्षी कारभार जोसेफ स्मिथचा काका जॉन स्मिथ आणि त्याची परिषद बघत होती. एकोणीस वॉर्डांची, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांची रचना फेब्रुवारी १८४९ ची, तीही नको. दशांश मात्र लिहा: उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला, आणि पैसा नसल्यामुळे तो अंडी, लोणी, धान्य किंवा दहाव्या दिवसाच्या मजुरीत दिला जाई. बहुपत्नीत्व जाहीर झालं १८५२ मध्ये. त्याआधी काही घरांत होतं, सगळ्यांत नव्हतं. नायिकेच्या घरात ते ठेवायचं की नाही हे तुम्ही आणि शिक्षिका ठरवा.

सुईण हवी असेल तर पॅटी सेशन्स ही खरी व्यक्ती घ्या. ५२ वर्षांची बाई, गाडी स्वतः हाकत सप्टेंबर १८४७ मध्ये पोचली आणि लगेच बाळंतपणं करायला लागली. तिची रोजनिशी उपलब्ध आहे. मुलीला खऱ्या नोंदीचा सूर ऐकवायचा असेल तर ती वाचायला द्या. कुणाचं बाळंतपण, किती कपडे धुतले, हवा कशी, एवढ्यातच दिवस संपतो. भावना जवळजवळ नाहीतच. दमलेली माणसं अशीच लिहितात.

मराठी घराशी काही दुवा आहे का, असंही तुम्ही विचारलंय. १८४७ मध्ये नाही. पण १८५१ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश धर्मप्रचारक मुंबईत उतरला, पुढे पुण्यालाही गेला आणि तिथं एक लहानशी शाखा काढली. फार माणसं मिळाली नाहीत आणि काही वर्षांत तो परत फिरला. प्रकल्पाच्या शेवटी टिपेत हे देता येईल, गोष्टीत घालू नका.

एक पर्याय मोकळा आहे. सॉल्ट लेकऐवजी दक्षिणेतली सेंट जॉर्जची वस्ती घेतली तर सगळंच बदलेल. ती १८६१ मध्ये कापूस पिकवायला वसवलेली, उन्हाळा कडक, आणि व्हर्जिन नदीवरचे बांध पुन्हा पुन्हा वाहून जाणारे. १८६२ च्या जानेवारीत पुराने शेजारच्या सांता क्लाराचा किल्लाच नेला. तिथं भूक तेवढीच, पण लढाई पाणी मिळवण्याऐवजी ते थोपवण्याची.

शेवटची नोंद १० ऑगस्ट १८४८ ची करा. त्या दिवशी फांद्यांच्या मांडवाखाली सुगीची मेजवानी झाली. गव्हाच्या, राईच्या पेंढ्या खांबांवर उंच बांधल्या, बंदुका उडवल्या, आणि वर्षभरानंतर माणसं पोटभर पाव जेवली. सकाळी आईने नव्या गव्हातून ९० पौंड मोजून बियाण्याचं पोतं शिवून टाकलेलं दाखवा. जागा उरली तर सप्टेंबरचंही एक पान जोडा. यंगबरोबर आणि त्याच्यामागून सुमारे २,४०० नवी माणसं खोऱ्यात उतरली. पीक मात्र पहिल्या १,७०० जणांच्या हिशेबाने पेरलेलं होतं, आणि पुढचा हिवाळा कडक निघाला. फेब्रुवारी १८४९ मध्ये घरोघर धान्य मोजलं तेव्हा ५ जुलैपर्यंत माणशी दिवसाला पाऊण पौंड बसत होतं.